पाव मैलाचं राज्य

१९६४ च्या मार्च महिन्यात ‘कार अँड ड्रायव्हर’ या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर दोन गाड्या बरोबरीनं धावताना दिसल्या. एक इटलीची फेरारी २५० जीटीओ, दुसरी मिशिगनमधल्या पॉन्टियाक शहराची पॉन्टियाक जीटीओ. नाव एकच, आणि तेही पॉन्टियाकवाल्यांनी फेरारीकडून उघड उघड उचललेलं. फेरारी जीटीओ साऱ्या जगात उण्यापुऱ्या ३६ बनल्या, आणखी मोठ्या इंजिनाच्या तीन धरल्या तर ३९. किंमत अठरा हजार डॉलरच्या घरात, आणि खिशात पैसे असले तरी एन्झो फेरारींची मर्जी असल्याशिवाय ती मिळत नसे. पॉन्टियाक जीटीओ तीन हजार डॉलरच्या आत, गावातल्या कुठल्याही पॉन्टियाक शोरूममध्ये. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या विकल्या गेल्या.

मुखपृष्ठावरची ती शर्यत प्रत्यक्षात झालीच नव्हती. फेरारी मासिकाच्या हाती वेळेवर लागली नाही, म्हणून मुखपृष्ठावर चित्र रंगवून घेतलं. आणि चाचणीला दिलेल्या पॉन्टियाकमध्ये ३८९ घनइंचाच्या इंजिनाऐवजी गुपचूप ४२१ घनइंचाचं बसवलेलं होतं, हे पॉन्टियाकच्या जाहिरातींचं काम पाहणारे जिम वँगर्स यांनी पुढे स्वतःच सांगून टाकलं. फेरारीच्या भक्तांचा संताप झाला, मासिकाकडे खरमरीत पत्रं गेली. पण तोवर गोष्ट सगळीकडे पोचली होती. पेट्रोल पंपावर काम करणारा पोरगा आता फेरारीचं नाव आपल्या गाडीसोबत घेऊ लागला होता. साठच्या दशकात अमेरिकेच्या रस्त्यांवर जे घडलं त्याचं मूळ मला या धिटाईत दिसतं.

या गाडीचा जन्मही अशाच धिटाईतून झाला. १९६३ च्या जानेवारीत जनरल मोटर्सच्या वरिष्ठांनी आपल्या सगळ्या विभागांना मोटर शर्यतींतून बाहेर पडायला लावलं. पॉन्टियाकची सगळी कीर्ती शर्यतींवर उभी होती. तिथे चीफ इंजिनिअर होते जॉन डिलोरियन, आणि त्यांच्यासोबत बिल कॉलिन्स आणि रस गी. शर्यतीचं मैदान बंद झालं ना, मग शर्यतीचं इंजिन सरळ रस्त्यावर आणू, असा त्यांचा हिशेब. कंपनीचा नियम होता की मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचापेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. नियम नव्या मॉडेलला लागू होता, जादा सामानाच्या यादीला नव्हता. म्हणून जीटीओ हे नवं मॉडेल न करता टेम्पेस्ट या साध्या गाडीवर २९५ डॉलरचं एक ‘पॅकेज’ म्हणून विकायला काढलं. वरिष्ठांच्या लक्षात येईपर्यंत ऑर्डरींचा ढीग पडला होता आणि मग ती बंद करण्याची कोणाची हिंमत झाली नाही.

युरोपात असं काही घडलंच नसतं, कारण तिथली जमीन वेगळी होती. इटलीतले रस्ते आपेनाइन्सच्या डोंगरांतून वळसे घेत जाणारे. मिले मिल्या ही शर्यत १९२७ ते १९५७ अशाच हमरस्त्यांवरून धावली. पेट्रोल महाग, आणि बऱ्याच देशांत इंजिनाच्या आकारावर कर. त्यामुळे युरोपातल्या इंजिनिअरला लहान इंजिनातून जास्तीत जास्त काम काढावं लागे, गाडी हलकी ठेवावी लागे आणि वळणावर चाक जमिनीला धरून राहील हे पाहावं लागे. अमेरिकेत याच्या अगदी उलट. मिडवेस्टमध्ये फूटपट्टीनं आखल्यासारखे सरळ रस्ते, १९५६ च्या कायद्यानंतर झपाट्यानं पसरत गेलेले इंटरस्टेट हायवे, आणि गॅलनला तीस सेंटच्या आसपास पेट्रोल. तिथे वळणाची फिकीर कोण करणार? फिकीर होती ती दोन सिग्नलमधल्या अंतराची. पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. अमेरिकेच्या ड्रॅग रेसिंगचं सगळं शास्त्र या एका अंतरावर उभं राहिलं.

दोन्ही जीटीओंची इंजिनं शेजारी ठेवली की हा फरक डोळ्यांत भरतो. फेरारीत तीन लिटरचं व्ही-१२. नावातला २५० हा आकडा एका सिलिंडरच्या सीसीचा. बारा छोटी सिलिंडरं मिनिटाला साडेसात हजार फेऱ्यांपर्यंत जाऊन ३०० अश्वशक्ती देत. पॉन्टियाकचं व्ही-८ सहा लिटर ३७५ सीसीचं, म्हणजे एक सिलिंडर जवळजवळ ७९७ सीसीचं. आपल्या मारुती ८०० चं अख्खं इंजिन ७९६ सीसीचं होतं. अशा आठ मारुती एका बॉनेटखाली! तीन कार्ब्युरेटर लावले की पाच हजार फेऱ्यांच्या आतच ३४८ अश्वशक्ती तयार.

आवाजाचंही तसंच. अमेरिकन व्ही-८ च्या क्रँकशाफ्टचे क्रँक एकमेकांशी काटकोनात असतात. त्यामुळे इंजिन फार थरथरत नाही, पण एका बाजूच्या चार सिलिंडरांचे स्फोट सारख्या अंतरानं होत नाहीत. दोन लागोपाठ, मग एक खंड, मग पुन्हा. प्रत्येक बाजूचा सायलेन्सर वेगळा असला की तो खंड ऐकू येतो आणि गाडी उभी असतानाही खोल, अडखळती गुरगुर सुरू राहते. फेरारीच्या बारा सिलिंडरांचे स्फोट अगदी नेमक्या अंतरानं होतात, म्हणून तिचा आवाज एकसंध चढत जातो आणि शेवटी तार सप्तकात पोचतो. तेव्हा रस्त्याच्या कडेला डोळे मिटून उभं राहिलं तरी गाडी अटलांटिकच्या कोणत्या किनाऱ्याची ते कानाला कळत असे. मला त्या काळाची खरी श्रीमंती यात दिसते.

या सगळ्याचं केंद्र होतं वुडवर्ड अॅव्हेन्यू. डेट्रॉईटच्या नदीकाठापासून निघून पॉन्टियाकपर्यंत साधारण ४३ किलोमीटर जाणारा हा रस्ता. याच रस्त्याच्या एका मैलावर १९०९ मध्ये काँक्रीट घातलं गेलं, तेव्हा ते बघायला दूरदूरचे लोक आले होते. साठच्या दशकात शहराबाहेर रॉयल ओक, बर्मिंगहॅम या भागात तो रुंद, मधोमध हिरवळ असलेला आणि ठरावीक अंतरावर सिग्नल असलेला रस्ता होता. कडेनं ड्राइव्ह-इन उपाहारगृहं. शुक्रवार-शनिवारच्या रात्री टेड्स, टोटेम पोल अशा ठिकाणी गाड्या रांगेत लागत, बर्गर गाडीतच येई, आणि कोण कोणाशी भिडणार हे तिथे ठरे. मग सिग्नल हिरवा झाला की पाव मैल. गंमत अशी की या गर्दीत कंपन्यांचे इंजिनिअरसुद्धा असत. दिवसभर ड्रॉइंग बोर्डवर काम करून संध्याकाळी नवं इंजिन बसवलेली गाडी घेऊन ते वुडवर्डवर येत आणि पोरांच्या गाड्यांशी पडताळून बघत. रॉयल ओकमधली रॉयल पॉन्टियाक ही डीलरशिप तर तुमची जीटीओ विकत घेतल्यावर आणखी धारदार करून देई. आजच्या मोटर कंपन्या ग्राहकाची मतं गोळा करायला केवढं काय काय करतात. तेव्हा ग्राहक शेजारच्या लेनमध्ये उभा असे.

मिशिगनमध्ये माझ्या समोरच्या घरात राहणारे आजोबा त्या लेनमधले. आयुष्यभर टूल अँड डाय मेकर म्हणून काम केलेले. नोकरीला लागल्यावर कर्ज काढून घेतलेली १९६६ ची निळी जीटीओ अजून त्यांच्या गॅरेजमध्ये आहे. तीन कार्ब्युरेटरची जीटीओ मिळण्याचं ते शेवटचं वर्ष; पुढल्या वर्षापासून जनरल मोटर्सनं कॉर्व्हेटसारखे अपवाद सोडून बाकी गाड्यांना एकापेक्षा जास्त कार्ब्युरेटर बंद केले. वसंत ऋतूत बर्फ वितळला, रस्त्यावरचं मीठ पावसानं धुऊन निघालं की ते गाडीवरचं कापड काढतात आणि मला हाक मारतात.

पहिलं काम ठिणगीची वेळ सांभाळणाऱ्या पॉइंटचं. या इंजिनाचा डिस्ट्रिब्यूटर मागच्या भिंतीला लागून असतो, त्यामुळे ते बॉनेटखाली कंबरेतून वाकून आत जातात. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीला पत्र्याची एक बारीकशी खिडकी असते, वर सरकवता येते. इंजिन चालू असतानाच त्या खिडकीतून षटकोनी किल्ली आत घालायची आणि हळूहळू फिरवायची. एका ठिकाणी इंजिन ठेचकाळतं, आठ सिलिंडरांपैकी एखादं चुकल्यासारखं होतं. तिथून अर्धा फेरा मागे. झालं, पॉइंटची गॅप बसली. मीटर असतो त्यांच्याकडे, पण ते आधी कानानं बसवतात आणि मग मीटर लावून मला आकडा दाखवतात. मग कार्ब्युरेटर. नेहमीच्या चालीत मधला एकटाच काम करतो. पाय पूर्ण दाबला की दांड्यांच्या जोडणीनं पुढचा-मागचा दोन्ही उघडतात आणि इंजिनाचा श्वास एकदम ऐकू येतो, हवा आत खेचल्याचा तो मोठा घरघराट. त्या दांड्यांना तेलाचा एक-एक थेंब देताना त्यांची बोटं ज्या सावकाशीनं चालतात, ती पाहताना मला कळतं की इथे वेग विकत घेतलेला नाही, तो घडवलेला आहे. त्या काळी शनिवारी सकाळी मागचा अॅक्सल बदलून जास्त गिअर रेशोचा बसवायचा, दुपारी टायमिंग दोन अंश पुढे घ्यायचं, आणि रात्री वुडवर्डवर त्याचा निकाल पाहायचा. हे करणारी पोरं कारखान्यांतल्या कामगारांची होती, हायस्कूलमधली होती. वर्कशॉपचा वर्ग त्यांना शाळेतच होता.

फोर्ड आणि फेरारी यांची गोष्ट सिनेमामुळे आता सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून तिच्यात फार रेंगाळत नाही. १९६३ मध्ये दुसऱ्या हेन्री फोर्डनं फेरारी विकत घ्यायचा घाट घातला, एन्झोनं ऐनवेळी नकार दिला, आणि १९६६ मध्ये ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत सात लिटरच्या फोर्ड जीटी४० गाड्या पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या आल्या. १९६० पासून सलग सहा वर्षं तिथे फेरारीचं राज्य होतं, ते संपलं. पुढची तिन्ही वर्षं, १९६९ पर्यंत, फोर्डच जिंकली. पण मला या गोष्टीत एक वेगळाच धागा जास्त मोलाचा वाटतो. ती जीटी४० इंग्लंडमध्ये आकाराला आली, लोला या ब्रिटिश गाडीच्या पायावर. त्याआधीची शेल्बी कोब्रा म्हणजे ब्रिटिश एसी कंपनीची बॉडी आणि फोर्डचं व्ही-८. आणि ती कोब्रा बनवणारा कॅरोल शेल्बी स्वतः १९५९ मध्ये ल मान्स जिंकला होता तो ॲस्टन मार्टिन चालवून.

उलट बाजूनंही तेच. जिओत्तो बिझ्झारिनी या इंजिनिअरनं फेरारी २५० जीटीओ घडवायला घेतली होती. १९६१ च्या अखेरीला तो आणि आणखी काही वरिष्ठ फेरारी सोडून गेले. पुढे त्यानं इसो ग्रिफो ही इटालियन गाडी उभी केली, आणि तिच्या पोटात घातलं कॉर्व्हेटचं अमेरिकन व्ही-८! स्वस्त, दणकट, कोणत्याही गावात दुरुस्त होणारं. ब्रिटिश जेन्सन इंटरसेप्टरमध्ये क्रायस्लरचं इंजिन, इटालियन डे तोमासो पँटेरामध्ये फोर्डचं. ज्या बिझ्झारिनीनं व्ही-१२ च्या सुरावटीवर काम केलं, त्यानं डेट्रॉईटच्या इंजिनाला मान दिली, याहून मोठी दाद कोणती? वैर होतं, पण त्यात एकमेकांची कदर होती.

अमेरिकनांनीही वळण घ्यायला शिकून घेतलं ते याच चढाओढीत. १९६६ च्या मार्चमध्ये सेब्रिंगला ट्रान्स-ॲम मालिकेची पहिली शर्यत झाली. त्यात मोठ्या व्ही-८ गाड्या आणि दोन लिटरच्या आतल्या युरोपीय गाड्या एकत्रच धावल्या. सगळ्यांच्या पुढे आला योखेन रिंट, १.६ लिटरची अल्फा रोमिओ घेऊन. फोर्ड, क्रायस्लर सगळे मागे. लगेच डेट्रॉईट कामाला लागलं. कॅमारो झेड/२८, बॉस ३०२ मस्टँग या पाच लिटरच्या गाड्या त्या मालिकेतून आल्या: पुढे डिस्क ब्रेक, कडक स्प्रिंग, जास्त फेऱ्यांवर धावणारी इंजिनं. पाव मैलाच्या शर्यतीत वाढलेली जात वळणावरही टिकू लागली.

त्या गाड्यांचे दोष मी झाकणार नाही. बऱ्याच गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक, दोन-तीनदा जोरात दाबले की तापून निकामी. मस्टँग, चार्जरला मागे पाट्यांच्या स्प्रिंगा, त्यामुळे खड्ड्यावर मागचं अंग उडे. तीनशे-चारशे अश्वशक्ती आणि कमरेला एक पट्टा, तोही बरेचजण लावत नसत. राल्फ नेडर यांचं गाड्यांच्या सुरक्षिततेवरचं पुस्तक १९६५ मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी कायदा झाला, तो उगाच नव्हे. १९७२ मध्ये अमेरिकेत रस्ते अपघातांत ५४ हजारांहून जास्त माणसं गेली. त्या देशातलं ते सर्वांत वाईट वर्ष. त्यात वुडवर्डसारख्या रस्त्यांवरची वीस-बावीस वर्षांची पोरंही होती. आजोबांच्या बोलण्यात अशा दोन मित्रांची नावं येतात, आणि तेव्हा ते गाडीबद्दल बोलत नाहीत.

शेवट झपाट्यानं आला. १९७० हे भरतीचं वर्ष: शेव्हेल एसएस ४५४ ची ४५० अश्वशक्ती, प्लिमथ आणि डॉजची ४२६ घनइंचाची हेमी इंजिनं. मग विमा कंपन्यांनी तरुण मालकांचे हप्ते इतके चढवले की गाडीच्या हप्त्याहून विमाच जड झाला. त्याच वर्षी हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा झाला, शिसं नसलेल्या पेट्रोलसाठी १९७१ पासून इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवावं लागलं, आणि १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब देशांनी तेल रोखलं. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, हायवेवर ताशी ५५ मैलांची मर्यादा आली. १९७५ च्या साध्या कॉर्व्हेटमध्ये १६५ अश्वशक्ती उरली होती. मापायची पद्धत मधल्या काळात बदलली हे खरं, पण नुसत्या मापानं एवढी घसरण होत नाही. युरोपला हा धक्का कमी बसला. महाग पेट्रोलची त्यांना सवयच होती, लहान इंजिनातून काम काढायची विद्या अंगवळणी पडलेली होती. पोर्शे ९११ आपल्या मागच्या इंजिनासह तशीच पुढे चालत राहिली आणि त्याच काळात तिनं टर्बो लावून घेतला.

मी लहानाचा मोठा झालो तो मुंबईच्या कुर्ल्यात, त्यामुळे अमेरिकन आणि युरोपीय या दोन्ही घराण्यांशी माझी ओळख फार आधीची, त्यांची खरी ताकद कळण्याच्याही आधीची. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज, प्लिमथ, डिसोटो निघाल्या आणि फियाटही निघाली. मुंबईच्या टॅक्सींत आधी लांबरुंद डॉज-प्लिमथ होत्या, मग छोट्या फियाटनं शहर काबीज केलं. मोठ्या अमेरिकन गाडीत आम्ही मागच्या सीटवर पाच-सहाजण मावत असू आणि फियाटमध्ये गुडघे छातीला. परमिट राजच्या त्या काळात इकडे एकाच फाटकातून अमेरिका आणि इटली बाहेर पडत होत्या, आणि तिकडे, मला पत्ता नसलेल्या वुडवर्डवर, त्यांच्याच थोरल्या भावंडांची झुंज चाललेली होती. १९८० च्या दशकाच्या शेवटी नोकरीसाठी मिशिगनला आलो तेव्हा डॉजचं चिन्ह बघून मला घरचं माणूस भेटल्यासारखं झालं. पण तेव्हाच्या डॉजमध्ये व्ही-८ शोधावं लागे.

आजची परिस्थिती आकड्यांत पाहिली तर त्या काळाचा कुठेच निभाव लागत नाही. १९६४ ची खरीखुरी, शोरूममधून घेतलेली जीटीओ पाव मैलाला पंधरा सेकंदांच्या आसपास घेई. डॉजनं २०२३ मध्ये काढलेल्या चॅलेंजर डेमन १७० नं १,०२५ अश्वशक्तीवर तो ८.९१ सेकंदांत कापला. वळणांचं म्हणाल, तर जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगच्या वीस किलोमीटरहून लांब डोंगरी वाटेवर, म्हणजे पोर्शेच्या स्वतःच्या अंगणात, २०२५ मध्ये मस्टँग जीटीडीनं ६ मिनिटं ५२ सेकंदांची आणि कॉर्व्हेट झेडआर१एक्सनं ६ मिनिटं ४९ सेकंदांची फेरी मारली. ज्या गाड्यांना युरोपवाले ‘सरळ रेषेपुरत्या’ म्हणून हिणवत, त्या आज तिथे घड्याळाला घड्याळ लावून उभ्या आहेत. माझ्यासारख्या, इंजिनांच्या चाचणी खोलीत उमर घालवलेल्या माणसाला याचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

मात्र या विजयासाठी कॉर्व्हेटनं २०२० पासून इंजिन ड्रायव्हरच्या मागे नेलं, आजच्या अनेक फेरारींसारखं. मस्टँगनं २०१५ मध्ये मागच्या चाकांचं सस्पेन्शन युरोपच्या पद्धतीचं केलं, आणि मगच ती उजव्या हाताच्या स्टिअरिंगसह जगभर, आपल्याकडेही, पोचली. तिकडे फेरारीनं २९६ मध्ये व्ही-६ आणि बॅटरी आणली, मर्सिडीजच्या एएमजीनं टर्बो लावलेल्या व्ही-८ ची गुरगुर आपलीशी केली. दोघं एकमेकांकडून इतकं शिकले की दोघांतलं अंतर मिटत आलं. मालकीही मिसळली. क्रायस्लर फियाटकडे गेली, आणि काही काळ, २०१६ च्या जानेवारीत फेरारी वेगळी होईपर्यंत, डॉज हेलकॅट आणि फेरारी एकाच समूहाच्या गाड्या होत्या. आज डॉज, फियाट, माझेराती आणि पूजो स्टेलँटिसच्या छत्राखाली आहेत. रांजणगावच्या कारखान्यात फियाटच्या नावाच्या कंपनीत अमेरिकन जीप बनते, तेव्हा कुर्ल्याचं ते जुनं फाटक पुन्हा उघडल्यासारखं होतं.

२०२३ हे वर्ष मला फार जड गेलं. त्या ऑक्टोबरच्या अखेरीला मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी कायमची उतरली. डिसेंबरमध्ये कॅनडातल्या ब्रॅम्प्टनला शेवटची व्ही-८ चॅलेंजर बनली, आणि त्याच महिन्यात मिशिगनमध्ये कॅमारोचंही उत्पादन थांबलं. पॉन्टियाक आणि प्लिमथ ही नावं तर केव्हाच पुसली गेली होती. पुढच्या वर्षी डॉजनं विजेची चार्जर आणली. ती जोरात पळते, यात शंका नाही. पण तिला मागे एक पोकळी आणि स्पीकर बसवून व्ही-८ सारखा आवाज काढायला लावलंय. इंजिनिअरांनी मनापासून केलेलं काम आहे ते, मी त्याला नावं ठेवणार नाही. तरी स्फोटाच्या खंडातून उमटणारी गुरगुर आणि तिची नक्कल यांत जो फरक आहे तो मला दर वेळी टोचतो. आणि विजेची चार दारांची टेस्ला मॉडेल एस प्लॅड, मुलांना मागे बसवून, पाव मैल साडेनऊ सेकंदांच्या आत कापते, एक शब्द न बोलता. वेग आता कोणालाही मिळतो. तो मिळवायला शनिवारची सकाळ लागत नाही, पान्हा लागत नाही, शेजारच्या आजोबांकडून काही शिकावं लागत नाही.

किमतीच्या बाबतीत मात्र लोक म्हणतात तितकं बिघडलेलं नाही. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या मध्यम कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न साधारण ६,६०० डॉलर होतं आणि साधी मस्टँग २,३६८ डॉलरची. आजही साधी मस्टँग तशा कुटुंबाच्या उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास आहे. दूर गेल्या त्या जुन्या गाड्या. १९७१ ची उघड्या टपाची एक हेमी बाराकुडा २०१४ मध्ये ३५ लाख डॉलरला गेली. फेरारी २५० जीटीओची तर गोष्टच सोडा, २०२३ मध्ये एक लिलावात ५ कोटी १७ लाख डॉलरला विकली गेली. कामगाराच्या पोराची गाडी आणि राजेरजवाड्यांची गाडी, दोन्ही आता हवामान सांभाळलेल्या कोठारांत शेजारी शेजारी उभ्या असतात. फेरारीचं ठीक आहे, ती पहिल्यापासून तिथलीच होती. बाराकुडाला कुलपात पाहून मात्र माझा जीव तुटतो.

म्हणून ऑगस्टमधला तिसरा शनिवार मी चुकवत नाही. १९९५ पासून त्या दिवशी वुडवर्ड ड्रीम क्रूझ भरतो, आणि हजारो जुन्या गाड्या रस्त्यावर येतात. महाराष्ट्र मंडळातली ओळखीची कुटुंबंही खुर्च्या घेऊन कडेला बसलेली दिसतात. त्यांतल्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी फोर्ड, जीएम नाहीतर स्टेलँटिसमध्ये आहे. सगळ्या गाड्या आता सावकाश चालतात, पोलीस जागोजाग उभे असतात, आणि ते योग्यच आहे. गेल्या खेपेला आजोबांच्या शेजारी त्यांचा नातू बसला होता. त्याची स्वतःची २०१८ ची मस्टँग आहे. लॅपटॉप लावून तो इंजिनाचा इंधनाचा तक्ता बदलतो आणि रात्री ड्रॅग स्ट्रिपवर, रीतसर हेल्मेट घालून, त्याचा निकाल पाहतो. आजोबांनी त्याच्याकडून तो तक्ता समजावून घेतला. अर्धा तास दोघं त्या पडद्यावर डोकं घालून बसले होते, हवा आणि पेट्रोल यांच्या प्रमाणावर वाद घालत.

ल मान्समध्ये फेरारीनं २०२३, २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ तीन वर्षं बाजी मारली आहे. कॅडिलॅक तिथे टक्कर देतेच आहे, आणि फोर्डनं २०२७ मध्ये सर्वांत वरच्या वर्गात उतरणार असल्याचं जाहीर केलंय. म्हणजे साठ वर्षांनी फोर्ड आणि फेरारी तिथे पुन्हा पहिल्या नंबरासाठी समोरासमोर. आजोबांनी, नातवानं आणि मी चोवीस तास टीव्हीसमोर बसायचं आताच ठरवून टाकलंय. पोहे आणि कॉफी माझ्याकडे. जिंकावं फोर्डनं, असं मला वाटतं. पण त्याहून जास्त वाटतं ते हे, की रात्री दोनला डोळा लागता लागता कानावर आवाज पडावा आणि न पाहता सांगता यावं, ही फोर्ड गेली, ही फेरारी.